फराळ संपला की धंदाही संपतो का?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 36, खासगी शाळेत 14,000 रुपये पगाराची नोकरी. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या हातच्या मेतकुटाचे आणि कांदा-लसूण मसाल्याचे फोटो त्यांनी इन्स्टाग्रामवर टाकले. ऑर्डरी येऊ लागल्या, मग दिवाळीचा फराळही सुरू झाला. गेल्या दिवाळीत 1,84,000 रुपयांची विक्री झाली. त्यातली सुमारे 150 पार्सलं 'सगळीकडे मोफत घरपोच' म्हणून कुरियरने गेली, काही बंगळूर-हैदराबादलाही. सगळ्यांची देणी भागवल्यावर हातात उरले 11,000. डिसेंबरात 4,500 रुपये जाहिरातीवर घातले, 30 नव्या ऑर्डरी मिळाल्या. जानेवारीत विक्री 8,600 वर आली. त्यातच एका गिऱ्हाइकाने चुरा झालेल्या चकलीचा फोटो टाकून सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून तीन आठवडे ताईंनी काहीही पोस्ट केलेलं नाही. बहीण म्हणते, 3 लाखांचं कर्ज काढ, वेबसाइट कर, पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) घे, नोकरी सोड. यजमान म्हणतात, हौस झाली, आता पुरे. ताई विचारतात, "मी नेमकी कुठे कमी पडले?"

ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही दिवाळीला यश आणि जानेवारीला अपयश म्हटलं आहे. तुमचेच आकडे मांडून बघितले, तर चित्र जवळपास उलटं दिसतं. म्हणून कर्ज आणि नोकरी हे दोन्ही विषय थोडे बाजूला ठेवू आणि आधी अर्धा किलो चकलीचं एक पाकीट हातात घेऊ.

ते तुम्ही 280 रुपयांना विकलं. भाजणी, तेल आणि गॅस धरून 105 रुपये लागले. पाकीट आणि स्टिकर 12, खोकं, बबल रॅप आणि चिकटपट्टी 22. कुरियरचा दर तुम्ही कळवला आहे: पहिल्या 500 ग्रॅमला 55, पुढच्या प्रत्येक 500 ग्रॅमला 40 आणि वर 18 टक्के जीएसटी. पार्सलचं वजन काट्यावर 620 ग्रॅम भरतं, म्हणून तुम्ही एक किलोचा दर धरलात. पण कुरियरवाला हलक्या आणि मोठ्या खोक्याला काट्यावरचं वजन लावत नाही, जागेचं वजन लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कंपन्यांत 5000 ने भागायची. तुमचं खोकं 25 बाय 20 बाय 12 चं. गुणाकार 6000, भागाकार 1.2 किलो. म्हणजे दीड किलोचा दर: 55 अधिक 40 अधिक 40, कराने 159 रुपये. एकूण खर्च झाला 298. दर पाकिटामागे 18 रुपये तुम्ही स्वतःच्या खिशातून घातलेत, आणि यात तुमची, सासूबाईंची नि शेजारच्या वहिनींची मजुरी अजून धरलेलीच नाही.

मग 11,000 उरले कुठून? गावात आणि आसपास जो फराळ हातोहात गेला, ज्याला ना खोकं लागलं ना कुरियर, त्यातून. त्या कमाईतलाच काही भाग 'मोफत घरपोच'ने खाल्ला. घरपोच कुठेच मोफत नसतं. ते भाडं गिऱ्हाईक देतं, नाहीतर तुम्ही देता.

आता मेतकूट घ्या. 200 ग्रॅमची दोन पाकिटं, 120 प्रमाणे 240 रुपये. माल आणि दळणाचे 64, पाकिटं-स्टिकर 18, छोटं खोकं 12. सगळं मिळून वजन 470 ग्रॅमच्या आत आणि खोकंही लहान, म्हणून भाडं पहिल्याच टप्प्यात, कराने 65. खर्च 159, मागे राहिले 81. त्याच गिऱ्हाइकाने चार पाकिटांचा संच घेतला, दोन मेतकुटाची, एक मसाल्याचं, एक थालीपिठाच्या भाजणीचं, तर? किंमत 480. माल 128, पाकिटं 36, खोकं 18, एक किलोचं भाडं 112, एकूण 294. मागे 186. (चारही पाकिटांचा खर्च इथे सारखाच धरला आहे, मसाल्याचा थोडा जास्त पडेल, तो तुम्ही घाला.) माल दुप्पट गेला, पण उरलेले पैसे दुपटीहून वाढले, कारण भाड्याचा पहिला टप्पा एकदाच भरावा लागला.

यातच एक बारीक गोष्ट दडलेली आहे. मेतकुटाचं किंवा मसाल्याचं पाकीट अर्धा किलोचं केलं, तर? 500 ग्रॅम मालावर पाकीट आणि खोकं चढलं की वजन 560 होतं आणि 60 ग्रॅमसाठी पुढच्या टप्प्याचे 40 रुपये पडतात. पाकीट 200 ग्रॅमचंच ठेवा. दोन बसली की पहिला टप्पा भरतो, चार बसली की दुसरा. रोज पार्सलं करणारे लोक मालाची मापं भाड्यावरूनच ठरवतात.

आता नोकरीबद्दल. 14,000 पगाराच्या जागी धंद्यातून तेवढेच हवे असतील, तर चार पाकिटांचे महिन्याला 75 संच जायला हवेत, म्हणजे कामाच्या दिवशी तीन. दोन पाकिटांचीच पार्सलं गेली तर 173, दिवसाला सात. जानेवारीत तुमची 8,600 ची विक्री दोन पाकिटांच्या हिशेबाने 36 पार्सलं भरते. हे अंतर कापता येण्यासारखं आहे, पण आज कापलेलं नाही. सलग सहा महिने, दिवाळी वगळून, 75 संचांच्या जवळपास राहिलात तर राजीनाम्याचा विचार करा. तोवर शाळेचा पगार हेच या धंद्याचं सगळ्यात स्वस्त भांडवल आहे.

आणि कर्ज? 3 लाख 12 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता जवळपास 10,000 येतो. जानेवारीची तुमची विक्रीच 8,600 होती. बहीण मायेने बोलते आहे, पण हा हप्ता दिवाळीच्या महिन्यात तेवढा झेपेल आणि उरलेले अकरा महिने झोप उडवेल. पल्व्हरायझरचं म्हणाल, तर जोवर गावातल्या कांडपावर किलोमागे पैसे देऊन काम होतंय आणि तिथे रांग लावून तुमची ऑर्डर अडत नाही, तोवर ते यंत्र घरात आणू नका. वेबसाइटही थांबू शकते. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग असतो, ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात, गिऱ्हाइकांना 'नवीन', 'पैसे आले', 'पाठवलं' अशी लेबलं लावता येतात. महिन्याला 75 पार्सलांचं काम एवढ्यावर आरामात होतं. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका: 'हा नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू.'

डिसेंबरच्या जाहिरातीचं बघू. 4,500 रुपयांत 30 ऑर्डरी, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे 150 रुपये. दोन पाकिटांतून उरतात 81. पहिल्या ऑर्डरीला 69 रुपयांचा खड्डा. तो भरतो दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरीला, तेव्हा बूस्टचं बटण (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) वाईट असं नाही. प्रश्न एवढाच, की त्या 30 जणांतले किती परत आले. पत्रात ते नाही, बहुधा तुम्ही बघितलंच नसेल. आज रात्री एक वही घ्या. डाव्या बाजूला नाव आणि नंबर, पुढे प्रत्येक ऑर्डरीची तारीख आणि काय घेतलं ते. दोन वर्षांच्या व्हॉट्सॲप चॅटमधून हे उतरवायला दोन-तीन रात्री जातील. कंटाळवाणं काम आहे, पण नवा फोटो काढण्यापेक्षा किती तरी मोलाचं. मेतकूट नेलेल्या दहांपैकी तीन-चार जण तीन महिन्यांत न सांगता परत येत असतील, तर जाहिरातीवर पैसे घाला. येत नसतील तर जाहिरात थांबवा आणि त्यांतल्या पाच जणांना फोन करून विचारा, संपलं का, कसं वाटलं, परत का नाही मागवलं. उत्तरं ऐकायला धीर लागतो, पण कुठलाही ऑनलाइन क्लास एवढं शिकवणार नाही.

आता त्या चकलीच्या फोटोकडे. तीन आठवडे तुम्ही गप्प आहात, म्हणजे तो फोटो मनाला फार लागला आहे. लागणारच, चकली घरातल्या माणसाच्या हातची होती. पण त्या बाईंची तक्रार चवीबद्दल नाही, चुऱ्याबद्दल आहे, आणि चुऱ्याला उपाय आहे. चकली दोन ठिकाणच्या मोकळ्या जागेमुळे मोडते: पाकिटात ती एकमेकींवर आपटते आणि खोक्यात पाकीट आपटतं. तुमचं खोकं मोठं होतं, म्हणून भाडंही जास्त लागलं आणि चुराही झाला. दोन्हींचं मूळ एकच. 20 बाय 15 बाय 10 च्या खोक्यात अर्धा किलो बसते का बघा. चकल्या थरांत रचा, दोन थरांमध्ये बटर पेपर, उरलेल्या फटीत कागदाचे घट्ट बोळे. खोकं बंद करून हलवा. आतून खुडबुड ऐकू आली, तर पुन्हा उघडा. मग ते कमरेएवढ्या उंचीवरून सहाही बाजूंनी फरशीवर पाडून बघा. हे बसलं तर भाडं 159 वरून 112 वर येतं, तेही एक किलोच्या दरात.

मऊ पडण्याचं कारण वेगळं. वरून गार लागलेली चकली आत कोमट असते. ती पाकिटात गेली की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होते. पंख्याखाली तीन-चार तास निववा, पण रात्रभर उघडी ठेवू नका, हवेतला दमट गारवा ती शोषून घेते. खवट वास येतो तो तेलाचा. आधी तळून झालेलं तेल पुन्हा वापरलं की माल लवकर खवटतो, आणि पारदर्शक पाकिटात उजेड लागला की आणखी लवकर. फराळ आणि मसाला दोन्हींसाठी आतून चंदेरी थर असलेलं जाड पाकीट घ्या आणि झिप असली तरी तिच्यावर हीट सीलरची पट्टी मारा. झिप हे घरी उघडझाक करण्यासाठी असतं, हवा अडवायला ती पुरत नाही. कांदा-लसूण मसाल्यात सगळ्यात आधी खोबरं खवटतं, आणि कांदा पुरता वाळलेला नसेल तर पावसाळ्यात बुरशी धरतो. कांदा हातात चुरडला की कुरकुरला पाहिजे, वाकता कामा नये.

'किती दिवस टिकेल' हा आकडा अंदाजाने छापू नका. प्रत्येक खेपेची तीन-चार पाकिटं तारीख घालून कपाटात ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एक फोडून वास घ्या, चाखा. ज्या पाकिटाला पहिल्यांदा शंका आली, त्याच्या बरंच अलीकडची मुदत लिहा. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक (नोंदणी आहे म्हणता, ती उत्तम गोष्ट), हिरव्या चौकोनातला ठिपका, जास्त ते कमी अशा क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, मुदत, खेप क्रमांक, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन दिसायलाच हवा. मेतकुटात गहू असतो, चिवड्यात शेंगदाणे. त्यांची ॲलर्जीसाठी वेगळी ओळ छापा.

त्या बाईंना आजच लिहा, जिथे त्यांनी फोटो टाकला तिथेच, चार लोकांसमोर: "चुरा झाला ही आमची पॅकिंगची चूक. पैसे आज परत करते किंवा नवीन पाकीट पाठवते, तुम्हाला काय बरं वाटेल ते सांगा." सबब सांगू नका, कुरियरचं नाव घेऊ नका. वाचणारे पन्नास जण चकलीपेक्षा तुमचं उत्तर बघत असतात. यापुढे खोकं बंद करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. आणि फराळाला 'माल मिळाल्यावर पैसे' ही सोय देऊ नका. घेणाऱ्याने दार उघडलं नाही तर पार्सल दोन आठवड्यांनी परत येतं, जातायेतानाचं भाडं तुमच्या माथी आणि चकली विकण्याच्या लायकीची राहत नाही. पैसे आल्याचं बँकेच्या नोंदीत बघा, समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. धंद्याचं खातंही घरखर्चापासून वेगळं काढा, नाहीतर 11,000 उरले की 7,000, हे कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही.

बंगळूर-हैदराबादच्या पार्सलांबद्दल थोडं गंभीरपणे. फक्त माल विकणाऱ्याला राज्याच्या आत वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तुम्ही बरोबर ऐकलं आहे. पण राज्याबाहेर माल विकला की ती मर्यादा लागू होत नाही, खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याला पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) जाऊनही सुटका नाही, त्यात राज्याबाहेर विकताच येत नाही. नोंदणीला सरकारी शुल्क नाही, पण विवरणपत्रं भरावी लागतात, विक्री शून्य असली तरी. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये, शून्य विक्रीला 20. तेव्हा पुढचे काही महिने महाराष्ट्रातच विका. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक एवढं गिऱ्हाईक तुमच्या मेतकुटाला भरपूर आहे. बाहेरून नियमित मागणी येऊ लागली, की सीएकडे जाऊन नोंदणी करा. मोठ्या खरेदी-ॲपवर जायचं झालं, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्याच्या आत तिथे विकता येतं, त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. मात्र त्यांचं कमिशन आणि भाडं 120 रुपयांच्या पाकिटातून वजा करून बघा, मगच जा.

यजमान 'बंद कर' म्हणतात, त्यामागेही कारण असणार. दिवाळीत महिनाभर घर विस्कटलं, सासूबाई रात्री उशिरापर्यंत सोऱ्या फिरवत होत्या आणि शेवटी 11,000 उरले. त्यांच्या जागेवरून ते योग्यच दिसतं. त्यांना वरचा हिशेब दाखवा. आणि सासूबाईंच्या व वहिनींच्या तासांचे पैसे आतापासून वहीत खर्च म्हणून लिहा, हातात दिले नाहीत तरीही. ते लिहिल्यावरही पाकिटामागे काही उरत असेल, तर घरातलं बोलणं आपोआप बदलेल. उरत नसेल, तर किंमत वाढवा. मेतकुटाचे 120 चे 140 केले म्हणून नियमित माणूस तुटत नाही, चव बिघडली तर तुटतो.

राहिला जानेवारी. दिवाळीनंतर फराळ खपत नाही, यात तुमचं काहीच चुकलं नाही. वर्ष आपल्या सणावारांवर आणि ऋतूंवर चालतं, तसा माल लावा. मेतकूट, भाजणी, मसाला हे बाराही महिने. मार्च ते मे वर्षाचा मसाला करायचे दिवस. मुंबई-पुण्यातल्या ज्या घरांत कांडप करायला जागा आणि वेळ नाही, त्यांच्याकडून किलो-दोन किलोच्या ऑर्डरी निम्मे पैसे आगाऊ घेऊन आधीच नोंदवा. श्रावणात उपवासाची भाजणी. यंदा, 2026 मध्ये, 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे आणि जावयाला अनारशांचं वाण द्यायचं तर शहरात पीठ करायला बसणारं घर विरळच. गुळात कालवून मुरवलेलं अनारशाचं पीठ मोडत नाही, चुरा होत नाही, खोक्यात जागा खात नाही. सासूबाईंना ते जमत असेल, तर एप्रिलच्या सुरुवातीला एक छोटी खेप करून पुण्याच्या ओळखीच्या दोन घरी पाठवा आणि जाळी पडते का ते त्यांना विचारा.

दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे. फराळ बंद करू नका, पण मर्यादा घाला: कुरियरचे जास्तीत जास्त 80 डबे, 20 ऑक्टोबरला ऑर्डरी बंद, निम्मे पैसे आगाऊ, भाडं वेगळं. बाकी सगळा जवळच्या लोकांसाठी, घरून नेण्यासाठी.

सध्या बाजारात नवी मिरची येते आहे. कर्जाच्या चौकशीत रविवार घालवण्याऐवजी बेडगी आणि संकेश्वरीचे भाव काढून या. आगाऊ ऑर्डरी जेवढ्या नोंदवल्या असतील तेवढीच मिरची घ्या, आणि देठं काढायच्या आधी एकदा वजन करून ठेवा, देठ गेल्यावर पुन्हा करा. त्या दोन वजनांतला फरक तुमच्या मसाल्याच्या किमतीत आजवर कधी धरला गेला नसेल.